बारावा खांब

चौतीस वर्षांत त्या नृत्यगृहातले खांब मोजणारा पहिला माणूस म्हणजे नगरकचेरीतून आलेला तपासनीस. त्याआधी तिथे हजारो माणसं येऊन गेली. त्यांनी खांबाला टेकून फोटो काढले, खांबाभोवती नाच बसवले, एकाने तर खांबावर अठरा पानांचा लेख लिहिला. मोजले मात्र कुणीच नाहीत. आणि गंमत अशी, की त्या इमारतीची व्यवस्था जिच्याकडे होती ती बाई मोजण्यासाठीच प्रसिद्ध होती. खुर्च्या दोनशे बारा, दिवे चौसष्ट, पडद्याच्या कड्या एकशे चाळीस, सगळं जिभेच्या टोकावर. नाचणारी मंडळी तिला मोजताई म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, म्हणजे नाव प्रेमाचंच होतं.

"अकरा," हातातला नकाशा उलटसुलट करत तपासनीस म्हणाला. "नकाशात अकरा आहेत. इथे बारा."

"परत मोजा," मोजताई म्हणाली.

"तीनदा मोजले, बाई."

"नकाशा जुना असेल."

"नकाशा जुनाच आहे. खांब नवा आहे का, ते विचारतोय."

भिंतींच्या कडेला रांगेत उभ्या असलेल्या अकरा खांबांबद्दल त्याची तक्रार नव्हती. बारावा होता मंचावर, मधोमध नाही, जरा डावीकडे. जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा तो तिथे ठाण मांडून होता आणि सगळे त्याला वळसा घालून आपापली कामं करत होते. तिसऱ्या रांगेतल्या चौदा ते सतरा या खुर्च्यांवरून त्याच्यापायी निम्मा नाच दिसत नसे. त्या खुर्च्या नाचणाऱ्यांच्या नातेवाइकांना दिल्या जात. काही जावई त्या मुद्दाम मागून घेत.

तपासनिसाने एक फॉर्म काढला. रकाने चार. खांब कोणी उभारला, कधी, कशासाठी, आणि शेवटी, ठेवणार की काढणार.

"छताचा भार घेत असेल तर परवानगी दाखवा," तो म्हणाला. "घेत नसेल तर ते मंचावरचं सामान आहे असं लिहून द्या. मग ठेवा, काढा, रंगवा, मला घेणंदेणं नाही. पण जे असेल ते कागदावर पाहिजे. पंधरा दिवसांत."

"नाही मिळालं तर?"

"तर परवाना अडकला."

"पुढच्या महिन्यात सात कार्यक्रम आहेत हो."

"तेही अडकले," तो म्हणाला, आणि जाता जाता खांबाला वळसा घालून गेला. सवय लागायला त्यालाही एक सकाळ पुरली.

इमारतीचा इतिहास मोजताईला पाठ होता. आधी शर्टाच्या गुंड्यांचा कारखाना. मग इस्पितळाच्या मोडक्या खाटांचं गोदाम. मग नऊ वर्षं कुलूप आणि कबुतरं. मग मोठ्या बाई आल्या, कबुतरांना हाकललं आणि तिथे नव्या धाटणीचा नाच सुरू केला. हा नाच म्हणजे ज्याला गोष्ट नसते, बोल नसतात, कधीकधी संगीतही नसतं, आणि तो संपला हे पहिल्या रांगेतल्या कुणीतरी धीर करून टाळी वाजवल्यावरच बाकीच्यांना कळतं. पंचविसाव्या वर्षी पुस्तिका निघाली. तिच्यात नृत्यगृहाच्या चिटणिसांनी लिहिलं होतं, ‘मंचावरचा खांब ही कारखान्याची शेवटची खूण, कामगारांच्या घामाचा मूक साक्षीदार.’ मोजताईने त्या पुस्तिकेतल्या छपाईच्या एक्केचाळीस चुका काढल्या होत्या. या वाक्यावरून तिचा डोळा सरळ पुढे गेला होता.

पण खांब खरा की खोटा, याच्याशी तिचं घेणं परवान्यापुरतं नव्हतं. तिचा उजवा गुडघा त्या खांबाने खाल्ला होता.

सव्वीस वर्षांपूर्वी ती तिथली सगळ्यात चांगली नाचणारी होती. हे ती स्वतः कधी म्हणत नसे. बाकीचे म्हणत, आणि ती नाही म्हणत नसे. ‘आडोसा’ नावाचा नाच होता. मागच्या कोपऱ्यातून नऊ मात्रा धावत यायचं, खांबापासून वीतभर अंतरावरून गिरकी घ्यायची. बावीस प्रयोग झाले. तेविसाव्याला वीत उरली नाही. गुडघ्याची वाटी फुटली आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी नाच संपला.

तिने मनाशी हिशेब सरळ लावून टाकला होता. खांब इमारतीचा आहे. आपण जन्मायच्या आधीपासून तिथे आहे, छत धरून आहे. त्याला कोण बोल लावणार? म्हणजे चुकलं ते आपलं पाऊल. नऊपैकी कुठलं, एवढंच सापडायचं बाकी होतं. पहिल्यापासून नवव्यापर्यंत ती ती पावलं मनात मोजत राहिली, आणि मोजायची ती सवय मग खुर्च्यांना, दिव्यांना, कड्यांना लागली. इतक्या वर्षांत चुकीचं पाऊल काही हाती लागलं नव्हतं. तिसऱ्यावर संशय होता.

आणि आता नकाशात अकराच खांब. मग हा कोण?

ती विचारत सुटली, आणि जितक्यांना विचारलं तितके खांब झाले.

"हा चिमणीचा आधार," दिवे लावणारा म्हणाला. त्याला तिथे वीस वर्षं झाली होती, त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टीही तो छातीठोकपणे सांगे.

"चिमणी तर पलीकडच्या अंगाला होती."

"म्हणूनच पडली ना! आधार इकडे."

चिटणीस म्हणजे निवृत्त भूगोल मास्तर. ते म्हणाले, भूकंपानंतर घातला.

"भूकंप कधी झाला?"

"झाला असणार. त्याशिवाय कोण मधेच खांब घालेल?"

खांबावर तीन नाच बसवलेला एक नृत्यदिग्दर्शक होता. त्याने डोळे मिटले, थोडा वेळ तसाच राहिला आणि म्हणाला, "ताई, तो खांब नाहीच. तो एक प्रश्न आहे."

"फॉर्मवर तसा रकाना नाही," मोजताई म्हणाली.

शेवटी तिने शिडी लावायला सांगितली. दिवेवाला वर चढला आणि त्याच्यामागून, सगळे नको नको म्हणत असताना, तीही चढली. एकेका पायरीवर दोन्ही पाय जोडत, लहान मूल चढतं तसं. खांबाच्या डोक्यावर बाकीच्या अकरांसारखीच कोरीव कडी होती. दिवेवाल्याने त्या कडीला स्क्रूड्रायव्हरने टोचलं, तशी ती ओल्या बिस्किटासारखी तुटली. कागदाचा लगदा. मागे गोणपाटाचा बोळा. दिवेवाल्याने बोळा उपसला आणि तिथून हात घातला तो थेट दुसऱ्या बाजूने काढून बोटं हलवून दाखवली.

"ताई, आरपार!"

"म्हणजे छत कशावर उभं आहे?"

"त्याचं त्याच्यावर."

"आणि खांब?"

"तोही त्याचा त्याच्यावर. नुसते शेजारी आहेत दोघं. बोलणंचालणंसुद्धा नाही."

परवान्याच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. खाली चिटणिसांनी टाळीही वाजवली. मोजताई मात्र शिडीवर होती तिथेच थांबली. छताच्या पोटावर तिने तळहात ठेवून पाहिला, मग खांबाच्या डोक्यावर ठेवला. मधल्या चार बोटं जागेचं काय करायचं ते तिला कळेना. सव्वीस वर्षं जिची शपथ घ्यावी अशी एकच गोष्ट तिच्यापाशी होती, आणि तिच्यातून आता वारा येत होता.

खाली उतरल्यावर तिने जुन्या कागदांची पेटी उघडली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या कार्यक्रमाचं पत्रक निघालं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात मंच उभारणाऱ्या सुताराचं नाव आणि दुकानाचा पत्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती त्या पत्त्यावर पोचली. दुकान आता सुताराची सून चालवत होती. ती ग्राहकाला कपाटाची बिजागरी दाखवत होती. तिने अंगठ्याने मागची खोली दाखवली. "मामंजी आत आहेत. जपून विचारा हं. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत."

सुतारकाका ऐंशीच्या घरातले. खांबाचं नाव काढताच म्हातारा खुर्चीतून निम्मा उठला.

"माझा खांब? उभा आहे अजून?"

"तुमचा?"

"मग कुणाचा! प्लायवूडचा खोका, वर गोणपाट, वर प्लास्टर. बाकीच्या अकरांवर हात फिरवून फिरवून तसाच खडबडीतपणा आणला होता. दोघांनी उचलून नेता येईल इतका हलका. तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी केला होता. तीन दिवसांच्या! सूनबाई, ऐकलंस का? चौतीस वर्षं झाली, अजून कुणाला कळलं नाही!"

"अभिनंदन, मामंजी!" बाहेरून आवाज आला.

"मग काढला का नाही?" मोजताईने विचारलं.

"कोण काढणार? पुढच्या आठवड्यात दुसरी मंडळी आली. त्यांना वाटलं इमारतीचाच आहे, त्यांनी नाचच त्याच्याभोवती बसवला. त्यांचं बघून तिसऱ्यांनी बसवला. मला कुणी काढ म्हटलं नाही, आणि मी आपला गप्प. खरं सांगू? बरं वाटायचं. पहिल्या कार्यक्रमातल्या मुली पांगल्या इकडेतिकडे. मग राहिले कोण, मी आणि मोठ्या बाई."

"मोठ्या बाईंना माहीत होतं?"

"आता काय बोलायचं! चौथ्या वर्षी त्यांनीच तर बोलावून घेतलं. म्हणाल्या, खांब हलतो, आणि एक मुलगी त्याच्यावर अंग टाकणार आहे. मी म्हटलं, बाई, काढूनच टाकू का? अर्ध्या तासाचं काम आहे. म्हणाल्या, नको, लोक आता खांब बघायलाच येतात. मग आत लोखंडी नळ घातला, त्यात काँक्रीट ओतलं, खाली चार बोल्ट. हत्ती धडकला तरी हलायचा नाही."

"हत्ती नव्हता," मोजताई म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काही नाही. आधी पोकळ होता तेव्हा त्याच्यावर कुणी आदळलं असतं तर?"

"तर खांब आडवा झाला असता," म्हातारा खुशीत म्हणाला, "आणि माणूस हसत उठला असता."

सुतारकाकांनी सहाव्या वर्षी ते काम सोडलं होतं. आठव्या वर्षी काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मोजताईने सांगितलं नाही. त्यांनी चहा घ्यायचा आग्रह केला, तो तिने घेतला. साखर घालायची राहून गेली हे तिला कप रिकामा झाल्यावर समजलं.

मोठ्या बाई दोन रस्ते सोडून राहत. वय एक्याऐंशी, पाठ अजून फुटपट्टीसारखी सरळ. मोजताई दर गुरुवारी त्यांना आठवड्याची हकिगत सांगायला जायची. दार उघडताच बाईंनी तिच्याकडे आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आज मंगळवार ना गं?"

"हो. बाई, तो खांब खोटा आहे."

"हो," बाई म्हणाल्या. मंगळवार आहे हे मान्य करावं तितक्याच सहज. "बस ना. उभी काय?"

मोजताई बसली. तिला वाटलं होतं की बाई दचकतील, नाही म्हणतील, निदान पाणी मागतील. वाटेत तिने चार वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाई दचकतील या हिशेबाने जुळवलेली होती. आता त्यांतलं एकही कामाचं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं!"

"अगं, मीच तर घालायला लावला. तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं असणार? मी आले पाचव्या वर्षी. कुणालाच माहीत नाही, बाई. पुस्तिकेत घामाचा साक्षीदार म्हणून छापलंय!"

"ते मला वाटलं, चिटणिसांचं साहित्य आहे." बाई हसल्या. मग हसता हसताच त्यांचा चेहरा थांबला. हातातला चष्मा त्यांनी टेबलावर ठेवला, परत उचलला. "थांब. थांब जरा. म्हणजे तुला इतकी वर्षं वाटत होतं की तो इमारतीचा आहे?"

"सगळ्यांनाच वाटतं."

"सगळे खड्ड्यात गेले. तुला?"

"मला वाटत होतं माझं पाऊल चुकलं."

खालच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती. ती पाचदा खोकली, सहाव्यांदा चालू झाली.

"मग तू मला माफ कसं केलंस?" बाईंनी विचारलं.

"मी? मी कधी माफ केलं?"

"दवाखान्यात! शुद्धीवर आलीस आणि पहिला शब्द काय बोललीस? म्हणालीस, खांबाला काही झालं नाही ना? मी बाहेर जाऊन रडले. म्हटलं, हिचा गुडघा मी घेतला आणि ही माझ्या खांबाची चौकशी करतेय."

"मला वाटलं, छत पडेल," मोजताई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसाकडे पाहून काही उपयोग नसतो.

"तीन महिन्यांनी मी तुला कामावर बोलावलं," बाई हळूहळू म्हणाल्या, जणू एखाद्या जिन्यावरून एकेक पायरी मागे उतरत होत्या. "तू आलीस. एका शब्दाने विषय काढला नाहीस. मी म्हणायची, केवढं मन आहे या पोरीचं. सगळ्यांना सांगितलंय मी."

"सगळ्यांना म्हणजे?"

"माझ्या बहिणीला. भाचीला. डॉक्टरांना. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना."

वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या की हात जोडायच्या, ते का, हे मोजताईला आज कळलं. ती उगाच आपली त्यांना तितक्याच वाकून नमस्कार करत आली होती. काय म्हणावं याला? न दिलेल्या माफीवर एक म्हातारी सव्वीस वर्षं निवांत झोपली, आणि जिने ती दिली नाही तिचा घरोघर मोठेपणा झाला. यात फसवलं कुणी कुणाला? मोजताई एका बाजूने धरायला गेली की गोष्ट दुसऱ्या बाजूने सुटत होती. राग यायला हवा होता. तो आला की नाही हे तपासायला ती आत उतरली, तर तिथे आधी हसूच उभं होतं. त्याला बाजूला सारलं, तर मागे काय आहे ते धड दिसेना.

"पण मी पडल्यावर तरी काढायचात," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम होतं."

"काढणारच होते. पण तू कामावर आलीस आणि पहिल्याच दिवशी फडकं घेऊन तो पुसलास. रोज पुसायचीस. मला वाटलं, तुलाच तो हवाय. काहीतरी असेल तुझं त्याच्याशी. तो काढणं म्हणजे तुझा अपमान."

"बाई, मी सगळंच पुसते!"

"ते नंतर लक्षात आलं," बाई म्हणाल्या. "पण तोवर त्याच्यावर सतरा नाच झाले होते."

मोजताईने पिशवीतून फॉर्म काढला. काहीतरी करायला हवं होतं, आणि फॉर्म भरणं तिला येत होतं. तिने तो टेबलावर पसरला, पेन बाईंच्या हातात दिलं. बाईंनी पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्यात साल. तिसऱ्यावर पेन थांबलं.

"कशासाठी," मोजताईने वाचून दाखवलं. "खरं लिहा. आणखी साहित्य नको."

"खरंच लिहितेय. पहिल्या कार्यक्रमाला चौघी नाचणार होत्या. एकीने आदल्या आठवड्यात नाही म्हणून कळवलं. घरचे सोडेनात. नाच चौघींचा बसवलेला. तिघी नाचायच्या आणि चौथीच्या जागी भगदाड दिसायचं. मला ते बघवेना. म्हणून सुताराला म्हटलं, तिथे काहीतरी उभं कर." आणि बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘एक नाचणारी कमी पडली म्हणून.’

चौथा रकाना आला. ठेवणार की काढणार. बाईंनी पेन तिच्यापुढे सरकवलं.

"हे तुझं."

"माझं कसं? हॉल तुमचा, खांब तुमचा."

"गुडघा तुझा."

मोजताईने पेन घेतलं. सामान म्हणून ठेवला तरी परवाना मिळत होता, अडचण कसलीच नव्हती. नृत्यदिग्दर्शकाचे तीन नाच वाचले असते. पुढच्या महिन्यातले सातही कार्यक्रम खांब धरूनच बसवलेले होते. काढला तर सगळे तिच्या नावाने ओरडणार होते, आणि एका परीने त्यांचं बरोबरच होतं. खोटा असो, खांबाने इतकी वर्षं खऱ्याचं काम केलं होतं. त्याच्याइतकी हजेरी त्या मंचावर कुणाची नव्हती. तिची तर आठ वर्षांत चारच भरली होती. तिने ‘ठेव’ इतकं लिहिलं. मग ते खोडलं. आणि खाली जरा दाबूनच लिहिलं, ‘काढणार.’

"कधी?" बाईंनी विचारलं.

"उद्या. चार बोल्ट आहेत फक्त. सुतारकाकांना बोलावते, बघू दे त्यांना."

"तो प्रश्नवाला चिडेल."

"त्याला दुसरा प्रश्न मिळेल."

बाई पुढचं इतक्या हळू बोलल्या की मोजताईला पुढे झुकावं लागलं. "मग मला आता माफ करशील का? खरोखरची?"

"बाई," मोजताई म्हणाली, "तुम्हाला सव्वीस वर्षं झाली. माझी आज सकाळी अकरापासून मोजा. जरा थांबा."

"थांबते. पण मी एक्याऐंशीची आहे, बाळ."

"माहीत आहे."

ती उठली. फॉर्मची घडी घातली, परत उघडली, चारही रकाने बघितले, परत घडी घातली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून बाई म्हणाल्या, "उद्या मी येऊ?"

ही गोष्ट तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हती. ती कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"या," ती म्हणाली. "पण पाना मी धरणार."

दार ओढून घेताना तिला वाटलं, आपण हे रागाने बोललो. मग वाटलं, राग असता तर या कशाला म्हटलं असतं? मग वाटलं, रागच असेल, म्हणूनच या म्हटलं, समोर बसून बघा म्हणून. दाराआडून बाई विचारत होत्या, "किती वाजता?" आणि एवढं मात्र तिने अजून ठरवलंच नव्हतं.